बद्द वाजलेला स्लॅब

माझ्या डाव्या भुवईत जी फट दिसते, ती माझ्याच नावाच्या पाटीची आहे. स्टीलची पाटी, हातभर लांब. वर नाव, खाली 'परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर' आणि त्याखाली परवान्याचा नंबर. शुक्रवार पेठेतल्या माझ्या ऑफिसच्या दाराशेजारी चार स्क्रूंवर बसवलेली. ज्यानं ती मला मारली त्यानं आधी ती दोन्ही हातांनी ओढून काढली, स्क्रूसकट आणि प्लॅस्टरसकट. मग तिची कड पुढे करून मारली. पहिला फटका भुवईवर बसला, दुसरा कानावर. तिसऱ्याला मी हात आडवा घातला, तर मनगटाचं हाड मोडलं. सकाळचे साडेदहा वाजले होते. गल्ली चालू होती. समोरचा किराणावाला दारात येऊन उभा राहिला, त्याच्या मागं दोन गिऱ्हाइकं. त्यांच्यातलं कोणी मध्ये पडलं नाही.

मारताना तो एकच प्रश्न विचारत होता. "बद्द म्हंजे काय? सांग की! इंजिनेर हाय न्हवं तू? बद्द म्हंजे काय, सांग!"

मला उत्तर माहीत होतं. माझ्याइतकं ते त्या गल्लीत फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो माझ्या मागच्या खुर्चीत बसला होता. माझा बाप.

बायका मडकं घेताना बोटाच्या पेरानं वाजवून बघतात. चांगलं मडकं खणखणतं. तडा गेलेलं असलं की आवाज आतच मरतो, बद्द येतो. आबा काँक्रीट तसं वाजवायचे. चाळीस वर्षं त्यांनी सेंट्रिंगचं काम केलं. स्लॅब ओतायच्या आधी खालून फळ्या आणि बल्ल्या लावून जो तात्पुरता सांगाडा उभा करतात, तो त्यांचा धंदा. मंगळवेढ्याकडनं सोलापुरात आले ते खांद्यावर एक हातोडी घेऊन. वाचता येत नव्हतं, अजूनही येत नाही.

मी डिप्लोमाला असताना एका कंत्राटदारानं साइटवर सगळ्यांसमोर त्यांच्या कानाखाली मारली. त्याला पुढच्या स्लॅबसाठी फळ्या हव्या होत्या आणि आबा बल्ल्या काढायला तयार नव्हते. "अजून कच्चा हाय. चौदा दिवस झाल्याबिगर मी हात लावत न्हाय." कंत्राटदारानं मारली. आबांनी खाली पडलेला पटका उचलला, झटकला, डोक्याला गुंडाळला आणि परत म्हणाले, "चौदा दिवस." दुसरी बसली. ओठ फुटला. मी डबा घेऊन गेलो होतो, डबा हातात धरून बघत उभा होतो. बल्ल्या निघाल्या त्या चौदा दिवसांनीच.

हेच आबा मला मारायचे. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला एक विषय राहिला तर सेंट्रिंगची फळी माझ्या पाठीवर मोडली. फळी जुनी होती म्हणून मोडली, असं ते अजून सांगतात. पण मी पास झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी, आणि परवाना मिळवलेला पहिलाही मीच. पाटी लावली त्या दिवशी आबा तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. नंबरावर बोट फिरवलं. म्हणाले, "आपल्यात आजवर नंबर पडला त्यो रेशनकार्डाला. ह्यो पयला नंबर डोक्याचा." रोज सकाळी ते ओल्या फडक्यानं पाटी पुसायचे. मला तिचा माज होता, आणि मी तो लपवत नसे.

त्या परवान्याचं दर काही वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. पूर्वी अर्ज आणि दोन फोटो पुरत. मग नियम आला की प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय नूतनीकरण होणार नाही. दोन दिवस, चार सत्रं, प्रत्येक सत्राला सही. आमच्यातले सगळे चिडले. पोरं कॉलेजला गेली आणि आम्हाला परत बालवाडीत घातलं, असं एकजण म्हणाला. मी जास्तच चिडलो. मी शिकायला किती मार खाल्लाय हे ह्यांना काय माहीत, असं मला वाटलं.

चिडलो तरी उपाय सगळ्यांना ठाऊक होता. हजेरीचा कागद सकाळी चहाबरोबर फिरतो. त्यावर चार सत्रांचे चार रकाने असतात. पहिल्यानं चारही रकान्यांत सही ठोकली की मागचे सगळे तेच करतात. आमच्या धंद्यात ह्याला 'स्लॅब एकदम ओतणं' म्हणतात. एकदा सुरू केला की मध्ये थांबायचं नाही, जोड ठेवायचा नाही. कागद माझ्याकडं आला तेव्हा शेजारचा मित्र म्हणाला, "ओता साहेब, ओता. एकदमच ओता." मी ओतला. चार सह्या. पेन त्याच्या हातात दिलं.

पहिलं सत्र कसंबसं बसलो. दुसऱ्या सत्राचं नाव कागदावर छापलं होतं, जुन्या काँक्रीटची तपासणी. शिकवणारा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. आम्ही दोघं उठलो आणि खाली टपरीवर जाऊन बसलो. भजी मागवली. मी मित्राला म्हणालो, "जुनं काँक्रीट हा मला शिकवणार? ते माझ्या बापानं ओतलंय." मित्र हसला, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही. आठवड्यानं प्रमाणपत्र घरी आलं, सोबत एक पुस्तिका. प्रमाणपत्र अर्जाला जोडलं. पुस्तिका कपाटावर टाकली. परवाना नवा होऊन आला.

त्यानंतर दोनच महिन्यांत शहराच्या पूर्वेच्या एका टॉवेल कारखान्याचं काम आलं. इमारत धडधाकट असल्याचा दाखला मालकाला हवा होता. ज्या हॉलबद्दल विचारत होते, तिथं पूर्वी रंगाईच्या हौद्या होत्या. कित्येक वर्षं उकळत्या पाण्याची वाफ त्या स्लॅबला लागलेली. आता हौद्या हलवून तिथं शिलाई मशीनं मांडली होती. पंधरावीस बायका टॉवेलच्या कडा शिवत होत्या. वर पांढराशुभ्र चुना, अगदी ताजा. ताजा चुना बघून मी तिथंच थांबायला पाहिजे होतं.

आबा माझ्याबरोबर होते. गुडघे दुखायचे तरी यायचे. "मशीन तू धर, शिडी मी धरतो," म्हणायचे. मशीन म्हणजे रिबाउंड हॅमर. नळकांड्यासारखं असतं. टोक काँक्रीटवर दाबलं की आतली स्प्रिंग सुटून ठोका बसतो, आणि तो ठोका किती मागं उसळला त्याचा आकडा दिसतो. आकडा मोठा म्हणजे काँक्रीट भक्कम. मी बीमवर आणि कडेकडेनं ठोके घेतले. आकडे इतके चांगले आले की मी मालकाला म्हणालो, "जुनं काम आहे, दगड आहे दगड."

मागं बघतो तर आबा शिडीवर. खिशातली हातोडी काढून हॉलच्या मधोमध स्लॅब वाजवत होते.

"आबा, खाली उतरा."

"थांब की. हितं ऐक." टण. टण. "आता हितं." टप.

"चुन्याचा थर आहे तो."

"चुना मला शिकवतूस? बद्द वाजतंय ल्येका. आतनं सुटलंय समदं."

मालक पुढं आला. "काय म्हणतात मिस्त्री?"

सगळी मशीनं थांबली होती. बायका वर बघत होत्या. मालकासमोर, वीस बायकांसमोर, माझा अडाणी बाप माझ्या आकड्यांवर हातोडी मारत होता. माझ्या कानशिलांत रक्त चढलं. मी म्हणालो, "आबा, गप्प बसा. तुमचा काळ गेला. माझ्याकडं मशीन आहे."

आबा उतरले. हातोडी खिशात घातली.

शिडीच्या अगदी खालच्या मशीनवर एक बाई बसली होती, तिशीची असेल. तिनं स्लॅबकडं बघितलं, आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी हसलो आणि म्हणालो, "काही नाही हो ताई. चालू द्या."

तिनं मशीन चालू केलं.

मालकाला दाखवायचं म्हणून मी त्या जागेवरही यंत्र लावलं. दोन ठोके घेतले, दोन्ही आकडे एकदम खाली. पुस्तकात लिहिलेलं असतं की बाकीच्यांपासून फार लांब गेलेले आकडे गाळावेत. मी गाळले. दाखल्यावर सही केली आणि शिक्का मारला, परवान्याच्या नंबरासकट.

तिसऱ्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीनंतर स्लॅबचा ढलपा सुटला. दाराच्या फळीएवढा, तीन बोटं जाड. तो बरोबर त्याच जागेवरून सुटला आणि त्याच मशीनवर पडला. ती बाई कापड पुढं सारत होती, म्हणून डोकं वाचलं. उजवा हात मशीन आणि काँक्रीटच्या मध्ये सापडला. शेजारच्या बायांनी पहार आणून ढलपा उचलला. तिथल्या एकीनं मला नंतर सांगितलं, ढलपा उचलेपर्यंत ती ओरडली नाही, उचलल्यावर ओरडली. हात कोपराखाली नुसता कातड्याला धरून होता. दवाखान्यात तो काढला.

मी पोचलो तेव्हा तिला नेलेलं होतं. फरशीवर रक्त आणि टॉवेल एक झालेले. वर उघडे पडलेले गज. बोट लावलं तर पापुद्रे निघाले. जिथं गज बोटाएवढा असायला हवा होता, तिथं काडी उरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा धाकटा भाऊ ऑफिसात आला. विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा, मापानं माझ्या दीडपट. त्या बाईनं शुद्धीवर आल्यावर त्याला काय सांगितलं ते मला त्याच्या पहिल्याच प्रश्नात कळलं. "बद्द म्हंजे काय?"

मी म्हणालो, "बसा. आपण बोलू."

"बसू? माझ्या अक्काचा हात गेला रे! बसू म्हणतोय!"

तो बाहेर गेला. मला वाटलं निघाला. पाटी उपटल्याचा आवाज झाला आणि तो परत आत आला. पुढचं मी सांगितलं आहेच. चौथा फटका उचललेला असताना आबा मध्ये घुसले. सत्तरीचा माणूस, त्यांनी त्या पोराचं मनगट धरलं आणि म्हणाले, "मला मार. मी बाप हाय त्येचा."

पोराचा हात वरच राहिला. तो हुंदका देऊन म्हणाला, "तुमी सरका ताता. तुमाला कशाला मारू? तुमी तर सांगितलं हुतं." त्यांच्याकडं आजोबांना ताता म्हणतात.

त्यानं पाटी माझ्या अंगावर फेकली आणि गेला. मनगट मोडलं, भुवईला सात टाके पडले. पण त्या सकाळचा सगळ्यात मोठा मार मला त्या वाक्याचा बसला. पोलिसांत मी तक्रार दिली नाही. कोणत्या तोंडानं देणार?

मला दवाखान्यात ठेवलं होतं, तिथं तिसऱ्या दिवशी आबा आले ते हातात ती पुस्तिका घेऊन. कपाटावरची, धूळ पुसलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. "तुझ्या त्या क्लासचं बुक हाय न्हवं? वाच. मोठ्यानं वाच."

"आबा, आत्ता?"

"आत्ताच."

डाव्या हातानं पानं सोडवत मी दुसऱ्या सत्राचा पाठ काढला आणि वाचला. त्यात साधी गोष्ट लिहिली होती. जुन्या काँक्रीटची वरची कातडी हवेनं कडक होते. ठोक्याचं यंत्र त्या कातडीला फसतं आणि आकडा आहे त्यापेक्षा मोठा दाखवतं. आतले गज मात्र गंजत असतात, फुगतात आणि वरचा थर उचलतात. म्हणून यंत्र लावायच्या आधी हातोडीनं वाजवावं आणि पोकळ आवाज येतो का ते ऐकावं. शंका आली तर थोडं फोडून त्यावर औषध फवारावं. चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, मेलेलं होत नाही.

आबा ऐकत होते. म्हणाले, "पोकळ आवाज. म्हंजी बद्द."

"व्हय."

"ह्ये तुला शिकवणार हुते."

"व्हय."

"आन तू कुटं हुतास?"

मी सांगितलं. टपरी, भजी, सगळं.

त्यांनी मारली. टाके घातलेल्या बाजूनं, पूर्ण हातानं. पट्टीतून रक्त आलं. नर्स धावत आली आणि "अहो बाबा, हे काय!" म्हणून ओरडली. चाळिशीच्या, पोरंबाळं असलेल्या इंजिनिअरला बापानं पलंगावर मारलं आणि शेजारच्या तीन पलंगांनी बघितलं. मला ती चापट बरोबर वाटली. आबा बाहेर गेले, तांब्यात पाणी घेऊन आले आणि तांब्या माझ्या तोंडाला लावला.

महिन्याभरानं परवाना कार्यालयात चौकशी लागली. परवाना राहतो की जातो, तेवढाच प्रश्न होता. आदल्या दिवशी टपरीवरचा मित्र घरी आला. "हे बघ, तुझ्याकडं प्रमाणपत्र आहे. चार-पाच महिन्यांपूर्वीचं, ताजं. सांग, मी प्रशिक्षित आहे, यंत्रानं तपासलं, आकडे जोडलेत. दाखल्यानंतर वर पाण्याची टाकी ठेवली म्हणावं मालकानं. कोण काय करतंय?"

"टाकी नव्हती वर."

"अरे नसंना का! परवाना गेला तर काय बापाची हातोडी घेऊन फिरणार आहेस?"

ते वाक्य तो बोलला नसता तर मी काय केलं असतं, मला खात्रीनं सांगता येत नाही.

चौकशीला ती बाई आली होती. उजवी बाही कोपराशी दुमडून पिन लावलेली. शेजारी भाऊ. तिचा जबाब आधी झाला, चारच वाक्यांचा. "त्या बाबानी वाजवून सांगितलं, बद्द हाय म्हणून. मी साहेबांकडं बघितलं. साहेब 'चालू द्या' म्हणले. मी चालू दिलं."

मग अधिकाऱ्यानं माझ्यापुढं प्रमाणपत्र सरकवलं. "हे तुमचं?"

"माझं."

"दुसऱ्या सत्रात जुन्या काँक्रीटची तपासणी शिकवली आहे. तुमची सही आहे. म्हणजे यंत्राचा आकडा फसवा असू शकतो, हे तुम्हाला माहीत होतं. तरी दाखला दिलात?"

तेव्हा मला कळलं की तो कागद माझी मान दोन्हीकडून धरतोय. हो म्हणालो तर जाणूनबुजून दिला. नाही म्हणालो तर सही खोटी.

मी म्हणालो, "सही माझी आहे. मी नव्हतो."

"म्हणजे?"

"सकाळीच चारी सह्या केल्या आणि बाहेर जाऊन भजी खाल्ली."

अधिकाऱ्यानं चष्मा काढला. "असंच लिहून घेऊ? विचार करून सांगा."

"घ्या लिहून."

मागून तिचा भाऊ बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आता बोलतोय. तवा बोलायचं हुतं की, भाड्या." त्याला कोणी गप्प केलं नाही. ती बाई माझ्याकडं बघत नव्हती. डाव्या हातानं बाहीची पिन नीट करत होती.

परवाना वर्षासाठी थांबवला. प्रमाणपत्र रद्द. प्रशिक्षण पहिल्यापासून करायचं, मगच अर्ज घेऊ म्हणाले.

त्या वर्षात मी एकच काम अंगानं केलं. तो स्लॅब पाडायला निघाला तेव्हा आबांना घेऊन गेलो. मनगट धड नव्हतं, घण उचलवेना, तरी डाव्या हातानं चार घाव घातले. गडी घण घालत होते, तुकडे वरून फरशीवर आपटत होते, कानठळ्या बसत होत्या. जिथं जिथं आबांनी आधी वाजवून खडूनं फुली मारली होती, तिथला तुकडा घेऊन मी औषध फवारलं. एकही गुलाबी झाला नाही. आबा म्हणाले, "ही काय रंगपंचमी हाय व्हय?" मी सांगितलं, रंग आला तर जिवंत. ते बघत राहिले. मग एका कोपऱ्यातला, फुली न मारलेला तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला. फवारल्याबरोबर गुलाबी झाला. "मला इचारायचं की," ते म्हणाले, "बाटलीची काय गरज हुती."

वर्ष संपत आलं तसा मी परत प्रशिक्षणाला गेलो. तोच हॉल, तोच चहा, तोच कागद. ह्या वेळी पहिल्या ओळीत बसलो. शेजारी एक नव्या दमाचा इंजिनिअर. त्यानं चार सह्या ठोकल्या आणि कागद माझ्याकडं सरकवला. "ओता दादा, एकदम ओता." मी पहिल्या रकान्यात एक सही केली. त्यानं माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं.

पहिलं सत्र संपलं. तो उठला, बॅग उचलली. मी त्याच्या मागं जिन्यापर्यंत गेलो.

"आत चला. पुढचं सत्र महत्त्वाचं आहे."

"मला साइट आहे हो."

"आत चला म्हणतोय."

"तुम्ही कोण सांगणारे?" मग त्यानं माझी भुवई बघितली आणि ओळखलं. हसला. "अच्छा, ते तुम्ही! बाईचा हात घालवलेले! तुम्ही शिकवणार आम्हाला?"

मी मारली. एकच मारली असती तर पाया पडून मिटवता आली असती. मी तीन मारल्या. पहिलीला त्याचा चष्मा गेला, दुसरीला तो कठड्यावर आदळला, तिसरीला दोन पायऱ्या खाली जाऊन बसला, तोंडातून रक्त. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते मला इतरांनी सांगितलं. "बद्द म्हंजे काय, सांग! सांग, बद्द म्हंजे काय!"

लोकांनी मला धरलं, खाली नेलं, पाणी पाजलं, त्याला दवाखान्यात नेलं. ह्या सगळ्या गोंधळात दुसरं सत्र होऊन गेलं. जुन्या काँक्रीटची तपासणी, दुसऱ्यांदा चुकली. फरक एवढाच की ह्या वेळी रकाना कोरा होता.

त्यानं लेखी तक्रार दिली. देणारच. मला बोलावलं. तोच अधिकारी. "मारलं?"

"मारलं."

"का?"

"त्यानं चारी सह्या एकदम केल्या."

"तुम्हीही तेच केलं होतं."

"म्हणूनच." आणि मग मी म्हणालो, "मारलं ते चुकलं. त्याचं तोंड फोडून त्या बाईचा हात येणार नाही, हे मला कळतं. त्या वेळी कळलं नाही." त्या मुलाची मी माफी मागितली. त्यानं ती घेतली नाही. मीही घेतली नसती.

परवाना आणखी सहा महिने लांबला. प्रशिक्षण परत, पहिल्यापासून. घरी येऊन सांगितलं तर आबा म्हणाले, "काय रं, त्ये दुसरं सत्र हाय तरी का खरं? का नुस्तं कागदावरच हाय?"

तिसऱ्यांदा बसलो. दुसऱ्या सत्राला शिकवणाऱ्यानं टेबलावर काँक्रीटचे दोन ठोकळे ठेवले आणि हातोडीनं वाजवले. टण. मग टप. "कोणता खराब?" म्हणून त्यानं विचारलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. मला उत्तर येत होतं. त्या हॉलमध्ये माझ्याइतकं ते कोणालाच येत नव्हतं. पण तो 'टप' ऐकला आणि मला शिलाई मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. दुसऱ्या कोणीतरी उत्तर दिलं. मग कागद आला. मी दुसऱ्या रकान्यात सही केली, वाकडी आली, पण केली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यात आणि चौथ्यात.

गेल्या महिन्यात परवाना आला. नंबर तोच आहे. तोपर्यंत आबांनी पाटी रुळाच्या तुकड्यावर ठेवून हातोडीनं सरळ करून ठेवली होती. बाक पुरता गेला नाही, माझ्या भुवईच्या रक्ताचा डागही एका कोपऱ्यात खरवडल्यासारखा राहिला आहे. पुसायला निघालेले आबांचे हात मी थांबवले.

पाटी लावायला गेलो तर जुनी भोकं मोठी झालेली. स्क्रू फिरत होते, धरत नव्हते. भोकातून प्लॅस्टरचा भुगा पडत होता. आबा स्टुलावर बसून बघत होते.

"तिथं बसणार न्हाय ती आता," ते म्हणाले. "जरा बाजूला लाव. आन आदी वाजवून बघ."

मी भिंत वाजवली.